वळवणं

पिठात दोन्ही हात मनगटापर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला वळवलंय. थोड्याच वेळापूर्वी मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून, चपलाही न काढता दारात उभी राहून बोलले होते. नुसती बोलले नव्हते, घोषणाच केली होती. वाक्य कितीतरी दिवसांपासून तयार होतं आणि आवाज होता तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेला, म्हणजे पोटातून काढलेला. "मम्मे, दहावी झाली की मी लातूरला जाणार. अकरावी-बारावी तिथंच, हॉस्टेलला राहून. ठरलंय माझं." एवढं म्हणून मी चौकट घट्ट धरली, कारण आमच्या घरात अशा वाक्यानंतर भूकंप होतो. निदान 'लई शानी झालीस का शिवे' एवढं तरी यायलाच हवं. पण मम्मी उठली, माझ्यासमोर आली, थोडी वाकली, तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रांगेत आले, आणि माझ्या कोपराला अगदी हलका हात लावून म्हणाली, "व्हय. लातूर लई चांगलं हाय. तुला लातूर आवडतंय व्हय?" मी म्हणाले, व्हय. "काय आवडतंय गं तिथलं?" मग मी सांगत सुटले, तिथले क्लास, तिथली अभ्यासिका, तिथं म्हणे रस्त्यावर सगळी पोरंपोरी पुस्तक वाचतच चालतात. ती मान हलवत होती, आणि त्या मानेच्या तालात दप्तर कधी उतरलं, चपला कधी निघाल्या, परात पुढं कधी सरकली, मला कळलंच नाही. "जाऊ हं लातूरला. आधी एवढं पीठ मळून दे बरं. तुझ्या हातची भाकर गोड लागती." माझ्या हातची भाकर! माझी भाकर तव्यापर्यंत पोचायच्या आत फाटते हे अख्ख्या पेठ बीडला माहीत आहे. तिथं मी थांबले. बोटांच्या बेचक्यांत ज्वारीचं कोमट पीठ होतं. ते वाकणं, ती कोपरावरची बोटं, तो कुठंच टोक नसलेला आवाज मी ओळखत होते. ओळखणारच. तो तिला मीच शिकवला होता.

मम्मी दूध संघात कामाला आहे. म्हणजे दूध संघ आता नाही, पण सगळे अजून तसंच म्हणतात. दुष्काळात लोकांनी ढोरं आधी छावणीत नेली, मग विकली, आणि दूधच नाही म्हटल्यावर संघाच्या इमारतीला कुलूप लागलं. पांढऱ्या फरशांच्या भिंती, सिमेंटचे हौद, दाराशी कॅन उतरवायचा ओटा. महिला सोसायटीनं ती जागा घेतली आणि तिथं म्हाताऱ्यांसाठी घर काढलं. ज्यांचे लेक-सुना ऊसतोडीला जातात आणि मागं राहिलेलं माणूस चळलेलं असतं, अशांसाठी. चळलंय म्हणजे मेंदूनं गावच सोडलंय, आणि माणूस मागं राहिलंय. यंदा आपल्याकडं ऊसच वाळला, टोळ्या पार कर्नाटकात गेल्या, आणि दूध संघात खाटा कमी पडायला लागल्या. तिथल्या खोल्यांना अजून आंबट दुधाचा वास येतो. मम्मी घरी आली की तिच्या पदराला तो येतो, फिनेल आणि आंबट दूध, आणि मी लहानपणी कधी तरी ओकले होते त्याची आठवण येते. तर तिथल्या बायकांना शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांनी 'चळलंय' म्हणायचं नाही, स्मृतिभ्रंश म्हणायचं, असं सांगितलं. शेवटी परीक्षा होती, लेखी नव्हे, करून दाखवायची. मम्मीनं चौथीत शाळा सोडलेली, आईबापांबरोबर उसाच्या फडात गेली ती गेलीच. परीक्षा म्हटल्यावर ती इतकी घाबरली की तिनं भात करपवला. मग मी म्हणाले, थांब, मी घेते तुझी तालीम. मी म्हातारी, तू मावशी.

मी काय झकास म्हातारी झाले होते! चादर डोक्यावरून घेतली, पाय फेंगडे केले, आणि दूध संघातल्या दगडाबाईसारखं उशांचं गाठोडं बांधून दारात बसले. दगडाबाईनं जन्मभर ऊस तोडला. ती रोज सकाळी लुगडी गाठोड्यात बांधून ओट्यावर येऊन बसते आणि विचारते, गाडी आली का. टोळी न्यायला यायची ती गाडी. मीही विचारलं, "गाडी आली का गं?" मम्मी म्हणाली, "कसली गाडी आली, येडे, गप बस हितं." मी चादरीतून ओरडले, "नापास!" मग मी तिला मॅडमनी दिलेल्या चित्रांवरून समजावलं. नाही म्हणायचं नाही. खोटं ठरवायचं नाही. आधी मान्य करायचं, मग धीर द्यायचा, मग वळवायचं. वळवायचं म्हणजे बोलणं हळूच दुसरीकडं न्यायचं, चहाकडं, गाण्याकडं, पीठ मळण्याकडं. मम्मी पोट धरून हसली होती. "आगं, ढोरं वळवत्यात. माणसं बी वळवायची?" पण शिकली. अशी शिकली की परीक्षेत मॅडमनी तिला सगळ्यांपुढं उभं केलं आणि म्हणाल्या, केशरताईंकडं बघा, हे रक्तात असावं लागतं. रक्तात! रक्तात तर तिच्या दुसरंच होतं.

रक्तात होतं ते मला ऐकू येतं अजून. मी कोपीत जन्मले, फडाच्या कडेला पाचटीच्या खोपटात, आणि पहिल्या आठवणीत चेहरा नाहीच, आवाज आहे. सगळीकडं उसाची पाचट, डोक्याहून उंच, खसखस, आणि त्या खसखशीच्या पलीकडून मम्मीचा आवाज, "शिवेऽऽ, तिकडं जाऊ नगंऽऽ." मला ती दिसायची नाही, पण त्या 'नगं'वरून मला कळायचं की ती कुठं आहे आणि मी कुठं आहे. पुढं आम्ही बीडला आलो, पप्पा टँकरवर लागले, मी शाळेत. तरी मी तिच्या न्हाईवरच वाढले. सायकल? न्हाई. सहल? न्हाई. वक्तृत्व? पोरीच्या जातीनं येवढं मोठ्यानं बोलू न्हाई. प्रत्येक न्हाईवर आम्ही भांडलो, शेजारची केशरबाईच्या घरात काय झालं म्हणून डोकावायची, मी जेवण सोडायचे, ती मुद्दाम माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी वाटत बसायची. आणि मी जिंकले की नळावर सगळ्यांना सांगायची, "ऐकतच न्हाई कार्टी." सांगताना तिचं तोंड असं उजळायचं, की वाटायचं हरायलाच बसली होती ही. मी पहिली आले त्या दिवशी मला वाटलं होतं, हा आवाज कुठल्याही गुरुजींनी घडवला नाही, तो हिच्या न्हाईवर घासून घासून निघालाय.

आणि आता तिनं ती न्हाईची भिंतच काढून घेतली. ते पीठ मळलं त्या दिवसानंतर मी चाचणी घ्यायला लागले. "मी केस कापून टाकते, बॉयकट." व्हय, गार वाटंल मानेला. "मी उद्या शाळेत जात नाही." बरं, बस जरा, उद्या कोणते तास असत्यात गं? आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत! पप्पा सांज करून यायचे तापलेले, कुठल्या तरी वस्तीवर टँकरला बायकांनी घेरलं, कुणी पाइप ओढला, कुणी आईबहीण काढली. पूर्वी मम्मी म्हणायची, "मग तुमी काय गप बसला व्हय?" की दोघांची जुंपायची. आता ती त्यांच्यासमोर वाकते. "लई तरास झाला ना?" आणि पप्पा, सहा फूट उंचीचे, सगळ्यांचे बंकट ड्रायव्हर, वासरासारखे गप होतात, तांब्याभर पाणी पितात आणि मला म्हणतात, "तुझी माय लई सुधारली बघ. तसल्ली वाटती घरी आलं की." लातूरचं विचारलं तर म्हणतात, "माय म्हणंल तसं." म्हणजे सगळं तिच्या एका शब्दावर अडलेलं, आणि तिच्याकडं शब्द दोनच: व्हय, आणि जाऊ हं. मला रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. दगडाबाईलासुद्धा ती म्हणते, येईल हं गाडी. ती येणार नसते म्हणूनच म्हणते. मग माझं लातूर? मी तिला कोण वाटते? समोर बसून विज्ञानाचं पुस्तक वाचत असताना मी वर बघायचे तर ती माझ्याकडं बघत असायची, मऊ, लांबून, जसं खिडकीतून बघतात. एकदा मी मुद्दाम विचारलं, "मम्मे, मी कोण?" ती म्हणाली, "तू लई गोड लेकरू हायस." नाव नाही घेतलं. मला ओरडावंसं वाटलं. मी पुस्तक आपटलं. ती म्हणाली, "व्हय, राग येतो कवा कवा." 

महिन्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दूध संघात जाते, कारण त्या दिवशी मॅडम मोबाइलवरून बायकांची बैठक घेतात आणि तो व्हिडिओ कॉल लावायला कुणी तरी लागतं. बैठकीचं नाव आधार बैठक. आधार बायकांना द्यायचा, म्हाताऱ्यांना नाही, असं मॅडमनीच सांगितलेलं. त्या शनिवारी दुधाच्या जुन्या कॅनला मी मोबाइल टेकवला, पुढं मम्मी आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या वत्सलाबाई आणि छबुबाई सतरंजीवर बसल्या, आणि मॅडमचा चेहरा पडद्यावर आला, मागं हिरवीगार कुंडी. मॅडम चांगल्या आहेत. मला त्यांचा राग राग करायचा होता पण होत नाही. "दुसऱ्याची काळजी घेणाऱ्यानं आधी स्वतःची घ्यायची," त्या म्हणाल्या. "दिवसातला थोडा वेळ फक्त स्वतःचा. निवांत, मनसोक्त अंघोळ करा. डोळे मिटून. पाण्याचा आवाज ऐकत."

तिघीजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग छबुबाई म्हणाली, "मॅडम, टँकरचा आवाज चालंल का?"

"आन् डोळे मिटायचं जमायचं न्हाई मॅडम," वत्सलाबाई म्हणाली. "मिटले की शेजारीण बादली नेती."

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या, आणि मग त्याच सगळ्यात मोठ्यानं हसल्या. "चुकलं, चुकलं माझं. काल कुठं तरी दुसरीकडं बोलले तेच बोलले." मग त्यांनी एकेकीला विचारलं, कसं वाटतंय. बरं हाय मॅडम. बरं हाय. मम्मी म्हणाली, "लई बरं हाय." आणि माझ्या आतून ते उसळलं. मी कॅनच्या मागून पुढं आले. "मॅडम, मी विचारू? हे घरी गेल्यावर बंद कसं करायचं?"

"काय बंद करायचं, बाळ?"

"हे व्हय-व्हय. हे वळवणं. माझी मम्मी मला वळवायलीय. पप्पांनासुद्धा. आमच्या घरात कुणी भांडतच नाही आता!"

बायका फिसकन हसल्या. छबुबाई म्हणाली, "आगं, माझा दादला म्हणतो, लगीन झाल्यापून पहिल्यांदा तू माझं ऐकायलीस. म्या म्हणलं, व्हय धनी, लई हुशार तुमी, चहा घ्या." पुन्हा हशा. तो विरत गेला तेव्हा वत्सलाबाई सतरंजीचा धागा ओढत होती. "मी बी लेकाला तसंच बोलते," ती म्हणाली. "तो म्हणतो, घर इकू. मी म्हणते, व्हय. भांडायला दम तर पायजे का न्हाई मागं राहिलेला?" हौदाच्या खोलीतून कुणी म्हातारं खोकलं. मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्या एकदम लहान, दमलेल्या दिसल्या. "शिवकन्या, हे आमच्या प्रशिक्षणात नाही," त्या म्हणाल्या. "असायला पाहिजे होतं. मला उत्तर माहीत नाही. केशरताई, तुम्ही सांगा. तुम्हाला काय होतं घरी गेल्यावर?"

मी मम्मीकडं बघितलं. आता बोलेल. तिचे ओठ हललेसुद्धा. मग ती पुढं सरकली, थोडी वाकली, तिचे डोळे मोबाइलच्या बारक्या भोकाच्या रांगेत आले. "व्हय मॅडम," ती म्हणाली. "तुमाला लई काळजी वाटती ना आमची? इतक्या लांबून करताव तुमी सगळं. तुमच्या सासूबाईचा गुडघा दुखायचा, आता कसा हाय?" आणि मॅडम, स्मृतिभ्रंशावर पुस्तक लिहिलेल्या मॅडम, सासूबाईंचा गुडघा सांगायला लागल्या! कुठल्या डॉक्टरला दाखवलं, कुठली पट्टी लावली, रात्री किती वेळा उठवतात. मम्मी म्हणाली, "लई तरास हाय. चहा घ्या मॅडम जरा, आमी बी घेताव." कॉल संपला. बैठक संपली. छबुबाईनं चहा टाकला. मी कॅनजवळ मोबाइल हातात घेऊन उभी होते आणि मला इतका राग आला होता की दात शिवशिवत होते, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, एवढं सफाईदार काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी जायला आम्ही बिंदुसरेच्या पात्रातून जातो, पुलावरून वळसा पडतो. नदी म्हणजे नुसती वाळू, वेड्या बाभळी आणि पिशव्या. शेळ्यासुद्धा तिथं नावालाच चरतात. ऊन माथ्यावर होतं. मम्मी पुढं, मी मागं, आणि तिच्या पाठीच्या झंपरवर घामाचा नकाशा पसरत चालला होता. मी म्हणाले, "तू मॅडमला वळवलंस."

"व्हय का?"

"मम्मे, लातूर."

"व्हय. जाऊ हं."

"दगडाबाईची गाडी कधी येणार हाय?"

ती चालत राहिली. फक्त वाळूत तिचं एक पाऊल वाकडं पडलं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी ठरवलं नव्हतं, वक्तृत्वाचा आवाजही लावला नव्हता. "बरं मग," मी म्हणाले. "न्हाई जात लातूरला. दहावी झाली की मी बी दूध संघात लागते. मावशी म्हणून. मला सगळं येतंय. तुला कुणी शिकवलं? मीच ना?"

"व्ह..." मम्मी म्हणाली. शब्द अर्ध्यातच थांबला. ती पण थांबली. पाठमोरीच. मग, आधी इतकं बारीक की मला वाटलं शेळीच, ती म्हणाली, "न्हाई."

"काय?"

"न्हाई!" ती गर्रकन फिरली. "हितं न्हाई लागायचं! खबरदार त्या फरशीवर पाय ठिवलास तर!"

"मग लातूरला जाते."

"लातूरला बी न्हाई!"

"मग कुठं जाऊ?"

"मला काय इचारतीस? मला काय म्हाईत कुठं!" आवाज बाभळींवर आपटून परत आला. तोच, पाचटीतून येणारा. पुलावर कुणी तरी गाडी थांबवून खाली बघायला लागलं. "दिवसभर इचारत्यात मला, तू कोण गं बाई. रोज. रोज नाव सांगते मी. केशर. केशर हाय मी. दगडाबाईला घास भरविते तर ती म्हणती, तू मुकादमाची हेर हायस. व्हय म्हणते मी! हेर हाय म्हणते! आश्रुबा म्हातारा म्हणतो, तू माझी मेलेली बायकू. त्येला बी व्हय! व्हय व्हय म्हणून माझं मलाच कळंना झालंय मी कोण हाय ते. घरी येते तवा एक तू हायस, मम्मे म्हणतीस. भाकर वाईट झाली म्हणून तोंड वाकडं करतीस. तू बी गेलीस मग? मग कोण?"

तिचा ऊर धपापत होता. पदर खाली गेलेला तिला कळलं नव्हतं. आणि माझे गुडघे, मी सांगितलं नसताना, वाकायला लागले. डोळे तिच्या डोळ्यांच्या रांगेत यायला लागले. उजवा हात तिच्या कोपराकडं निघालाच होता. वाक्यसुद्धा जिभेवर आलं होतं, माझंच, घासूनपुसून ठेवलेलं: व्हय मम्मे, तुला एकटं वाटतंय ना. एवढं म्हटलं असतं तर ती गप झाली असती. मी तिला सावलीला नेलं असतं, घरी चहा केला असता, आणि एक दिवस ती व्हय-व्हय म्हणत असतानाच हळूच लातूरची बस धरली असती. किती सोपं होतं. किती छान जमलं असतं मला. मी गुडघे सरळ केले.

"तरी मी जाणार," मी म्हणाले. आवाज पोटातून आला नाही, घशातच फाटला.

"बघते कशी जातीस."

"बघ."

"तोंड वर करून बोलायलीस?"

"तू बी बोलायलीस!"

"तंगडं मोडीन शिवे!"

शिवे! तिनं पायातली चप्पल काढली आणि भिरकावली. नेम चुकला. चप्पल माझ्या मागं बाभळीच्या काट्यांत जाऊन अडकली. वाळू भाजत होती. ती एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय पहिल्यावर ठेवून, एक हात लुगड्याला, एक हात हवेत.

"आण ती हिकडं."

"आधी लातूरचं बोल."

"न्हाई म्हणलं ना!"

"मग मी बी न्हाई!"

पुलावरच्या माणसानं शिट्टी मारली. आम्ही दोघी एकदमच मान वर करून त्याच्यावर असं काही ओरडलो, की त्यानं किक मारून गाडी काढली. मग आम्ही पुन्हा एकमेकींकडं वळलो.